मुलींना लढाऊ विमानं दाखवावीत का?

आमच्या बोळिंजच्या गटानं १४ जानेवारी २०२४ ला बावीस मुली मरीन ड्राइव्हला नेल्या. हवाई दल आणि राज्य सरकार यांनी १२ ते १४ जानेवारी असे तीन दिवस, दुपारी बारा ते एक या वेळात, तिथं विमानांच्या कसरती ठेवल्या होत्या. त्यावर तेव्हाही गटात बोलणं झालं होतं. आता मुली 'ताई, पुन्हा कधी न्याल?' म्हणून मागे लागल्या आहेत, तर तोच वाद पुन्हा निघाला आहे. आमच्या एका जुन्या मैत्रिणीनं बैठकीत सरळ विचारलं, "सहा ऑगस्टला हिरोशिमाच्या आठवणीत मेणबत्त्या लावून उभ्या राहणाऱ्या आपण. आपणच मुलींना लढाऊ विमानं बघायला न्यायची? उद्या रणगाडे दाखवणार का?" त्यावर दुसरी म्हणाली, "अगं, पोरींना एक दिवस घराबाहेरची हवा मिळाली, सहल झाली. त्यात काय एवढं!"

मला दोघींशीही भांडायचं आहे. पहिलीशी आदरानं, कारण तिचा प्रश्न खरा आहे. दुसरीशी जरा जास्तच. 'सहल' म्हटलं की विषय मिटतो, डबे धुवून ठेवले जातात आणि मुलींनी वर मान करून जे पाहिलं त्याचं आपण काहीच देणं लागत नाही असं होतं. ते मला मान्य नाही.

आधी या मुली कोण ते सांगते. बोळिंज म्हणजे विरार पश्चिमेचं गाव, आगाशी-अर्नाळ्याच्या वाटेवरचं. एके काळी केळी, भाजी, फुलं यांच्या वाड्यांचं. आता वाड्या उरल्यात त्यांच्या कुंपणाला लागून म्हाडाच्या आणि बिल्डरांच्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत. आमच्या शनिवारच्या अभ्यासवर्गाला दोन्हीकडच्या मुली येतात. वाडीतल्या सामवेदी, वाडवळ घरांतल्या, म्हाडात सोडतीनं घर मिळालेल्या, आणि भाड्याच्या चाळीतल्याही. आठवी ते दहावी. एकदा सहज विचारलं, कोण काय होणार? शिक्षिका, नर्स, पोलीस अशी उत्तरं येतील असं धरून चाललो होतो. तीही आली. पण नऊ जणींनी 'पायलट' लिहिलं. का, तर गुंजन सक्सेनावरचा २०२० सालचा सिनेमा कुणाच्या तरी दादाच्या मोबाइलवर सगळ्यांनी मिळून पाहिला होता. या नऊ जणींपैकी एकीनंही विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं. दोघींनी तर विमानतळ बाहेरूनसुद्धा पाहिलेला नव्हता.

म्हणून जायचं ठरलं. नऊ जणींच्या मागे आणखी तेरा जणी लागल्या.

परवानग्या मिळवायला आम्हाला आठवडा लागला. बरोबर कोण आहे, किती वाजता परत, पुरुष माणूस कोणी आहे का, मुलं असणार का. एका वडिलांनी विचारलं, "विमान तर विमान, ते इथनं दिसत नाही काय?" त्याच घरातला नववीतला मुलगा आदल्या दिवशी मित्रांबरोबर परस्पर जाऊन आला होता. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि त्याचं कुणाला नवलही वाटलं नव्हतं. त्यातून आमचा रविवार नेमका भोगीचा. घरोघरी भोगीची भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, दुसऱ्या दिवशीच्या हळदीकुंकवाची तयारी. मुलींनी पहाटे उठून तीळ निवडले, कूट केलं, भांडी घासली आणि मग सुट्ट्या झाल्या. मुलगी आकाशात जाणार असली तरी आधी ओटा पुसून जाते! आयांपैकी एकच आमच्याबरोबर येऊ शकली. तीही ख्रिस्ती घरातली, म्हणजे जिच्या घरी भोगी नव्हती.

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. पश्चिम रेल्वेनं ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी बायकांसाठी स्वतंत्र गाडी सुरू केली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. आमच्या पिढीच्या नोकऱ्या त्या गाडीनं टिकवल्या. डब्यात भाज्या निवडत, झोपत, रडत, एकमेकींना धीर देत आम्ही ही साठ किलोमीटर वर्षानुवर्षं कापली. मुलींच्या दृष्टीनं ती नुसतीच लांबची गाडी. मला मात्र वाटत राहिलं, बाईचा घराबाहेरचा प्रवास सोपा व्हावा म्हणून सरकारनं एक गाडी दिली की बघता बघता किती जणी घराबाहेर पडतात. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

गर्दीबद्दल एवढंच सांगते की बायकांनी असल्या कार्यक्रमाला मुली न्यायच्या तर पाणी आणि संडास या दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्याच प्रात्यक्षिकांना लाखो लोक लोटले आणि उन्हानं, गर्दीनं पाच माणसं दगावली. आकाशात काय उडवायचं याचं नियोजन महिनोन् महिने होतं. खाली उभ्या असलेल्या माणसांना, त्यातही बायकांना आणि पोरांना, तासाभरात काय लागेल याचं तेवढं होत नाही.

आता ते दृश्य. मी शांततावाली बाई आहे आणि तरीही सांगते, ते सुंदर होतं. सूर्यकिरणची नऊ हॉक विमानं एकमेकांच्या पंखाला पंख लावून समुद्रावरून आली तेव्हा आमच्या बावीस जणींच्या तोंडून एकच आवाज निघाला. सारंगची मोराच्या रंगात रंगवलेली ध्रुव हेलिकॉप्टरं, आकाशगंगाचे छत्रीधारी. आमच्यातली एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नाही. ती कठड्याला धरून ओरडत होती. कुणाच्याही मुलीला इतकं मोकळेपणानं ओरडताना पाहावं. घरात, वर्गात, गाडीत, सगळीकडे 'हळू बोल' ऐकलेली पोर ती.

मग त्यातल्याच एकीनं विचारलं, "ताई, ह्या नऊ जणांत बायका किती?"

एकही नाही, हे मला माहीत होतं. सूर्यकिरणच्या संघात गेल्या काही वर्षांत एक महिला अधिकारी आली, ती निवेदनासाठी. विमानात पुरुष आणि माईकवर बाई. पुरुष काय करतायत ते बाईनं गोड आवाजात लोकांना समजावून सांगायचं, ही वाटणी आपल्याला लग्नाच्या हॉलपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळीकडे भेटते. त्या अधिकारी बाईच्या कर्तबगारीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझा आक्षेप आहे तो वाटणीवर. मी मुलींना हेही सांगितलं की सारंगमध्ये मात्र दीपिका मिश्रा या बाईंनी कसरतींची हेलिकॉप्टरं उडवली आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशातल्या पुरात त्यांनी सत्तेचाळीस जणांचे जीव वाचवले, आणि २०२३ साली शौर्यासाठी वायुसेना पदक मिळवणाऱ्या हवाई दलातल्या त्या पहिल्या स्त्री अधिकारी ठरल्या. मुलींनी ते नाव हातावर पेननं लिहून घेतलं.

इथून माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते.

हॉक विमान कसरतींसाठी बनलेलं नाही. लढाऊ वैमानिक ज्या विमानावर शिकून मग सुखोईवर, राफेलवर जातात ते हे विमान. धुरानं आकाशात हृदय काढणं हा सूर्यकिरणचा आवडता खेळ आहे. पण ज्या हातांना तो खेळ येतो त्यांना शिकवलं गेलेलं आहे ते बॉम्ब नेमका कसा टाकायचा हे. हे लपवून मुलींना विमानं दाखवायची असतील तर माझ्या मैत्रिणीचं बरोबर आहे, नेऊच नये. आम्ही लपवलं नाही. परतीच्या गाडीत बोरिवलीनंतर जरा जागा झाली तेव्हा त्यावरच बोललो. एकीनं विचारलं, "पण खाली माणसं असतात ना?" असतात. मग दुसरी म्हणाली, "पुरातल्या लोकांना काढणारीपण हीच विमानं ना?" हीच, म्हणजे याच दलाची. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदम डोक्यात ठेवणं चौदा वर्षांच्या मुलीला जमतं, हे मी पाहिलं. मोठ्यांनाच ते अवघड जातं.

१९९९ साली कारगिलच्या लढाईत गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन चीता हेलिकॉप्टरं घेऊन उडत होत्या, जखमी सैनिकांना खाली आणत होत्या. पुढच्याच वर्षी, मार्च २००० मध्ये, आपल्या नागपूरच्या निर्मलाताई देशपांडे बायकांची शांतता बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. माझ्या मैत्रिणीला वाटतं यातली एकच बाई आपली. मला दोन्ही आपल्या वाटतात. वाद या दोघींमध्ये नाहीच. लढाई कधी करायची, कुणाशी करायची हे ठरवणाऱ्या खोलीत यातली एकही नव्हती.

आणखी एक. सैन्यात जायला नकार देणं हा मोठा हक्क आहे, पण तो कुणाचा? जिला दार उघडं आहे तिचा. बंद दारासमोर उभं राहून 'मला आत यायचंच नव्हतं' म्हणणं हे कोल्ह्याला द्राक्षं आंबट. हवाई दलाचं दार बायकांना कसं किलकिलं झालं ते पाहा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जमिनीवरच्या कामांसाठी बायका घेतल्या. मग मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं. २ सप्टेंबर १९९४ ला हरिता कौर देओल यांनी अॅव्हरो विमान एकटीनं उडवलं, आणि १९९६ च्या डिसेंबरात तशाच अॅव्हरोच्या अपघातात त्या गेल्या. या बायकांना ठरावीक वर्षांच्या करारावर घेतलं होतं. पुरुषांना कायम नेमणुकीचा रस्ता होता, यांना नव्हता. ऐन उमेदीत, चौदा-पंधरा वर्षं नोकरी झाल्यावर, पेन्शनशिवाय घरी पाठवलं. विंग कमांडर अनुपमा जोशींसारख्या बायका कोर्टात गेल्या, म्हणून १२ मार्च २०१० ला दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागला. आणि १९९३ ते १९९८ या काळात भरती झालेल्या बत्तीस जणींना निदान पेन्शन मिळावी हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. तोवर त्यातल्या किती जणींची मुलं शिकून नोकरीला लागली असतील!

लढाऊ विमानाचं दार सगळ्यांत शेवटी. २०१४ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या हवाई दल प्रमुखांनी जाहीरपणे म्हटलं होतं की लढाऊ विमान तासन् तास उडवणं बायकांच्या शरीराला मानवणारं नाही, विशेषतः गरोदरपणात. पुढच्याच वर्षी त्याच प्रमुखांनी बायकांना लढाऊ विमानं देण्याची घोषणा केली. शरीर तेच होतं, वर्षभरात ते काही बदललं नाही. १८ जून २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ वैमानिक झाल्या, आणि त्यांना सल्ला मिळाला की चार वर्षं मूल होऊ देऊ नका.

चार वर्षं! जुन्या वाचक मैत्रिणींना नर्गिस मिर्झा खटला आठवत असेल. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींनी लढवलेला. पहिल्या गरोदरपणाला नोकरी संपायची. सर्वोच्च न्यायालयानं १९८१ साली ते कलम रद्द केलं, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही ही अट मात्र ठेवून दिली. ट्रे घेऊन चालणारी असो की राफेलच्या तोडीचं विमान चालवणारी, मालकाला तिच्या गर्भाशयाचं वेळापत्रक आधी हवं. मधल्या पस्तीस वर्षांत आकडासुद्धा बदललेला नाही.

नागरी विमानांत गोष्ट थोडी बरी आहे, हे मान्य केलं पाहिजे. प्रेम माथुर यांना १९४०च्या दशकाच्या अखेरीस एकामागून एक विमान कंपन्यांनी नाकारलं, शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं घेतलं. १९८५ च्या नोव्हेंबरात कोलकाता-सिल्चर हे विमान पूर्णपणे बायकांनी उडवलं, त्याच्या कप्तान होत्या आपल्या सौदामिनी देशमुख आणि शेजारी निवेदिता भसीन. आज भारतातल्या वैमानिकांत सुमारे पंधरा टक्के बायका आहेत असं सरकार संसदेत सांगतं. जगाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. अमेरिका-युरोपला मागे टाकलं म्हणून आपल्या वर्तमानपत्रांत दर आठ मार्चला हे छापून येतं. पण या पंधरा टक्क्यांतल्या मुली कुठल्या घरांतून आल्या, हे त्याच्या खाली कधी छापलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि माझं सगळं म्हणणं इथंच येऊन अडतं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तासांचं उड्डाण लागतं. आज त्याचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा पुढे. सरकारी संस्थेतसुद्धा, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या फुर्सतगंजच्या अकादमीत, फी लाखांतच मोजावी लागते. बोळिंजच्या वाडीत केळीचा लोंगर विकणाऱ्या, किंवा म्हाडाच्या घराचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबानं हे पैसे कुठून आणायचे? जमीन विकून मुलासाठी आणतील, एखादा आणतोही. मुलीसाठी जमीन विकली जाते ती लग्नात.

मग फुकटची वाट कुठली? एनडीए. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. बारावीनंतर परीक्षा, मुलींना परीक्षेची फीसुद्धा नाही, निवड झाली की शिक्षण, राहणं, जेवण सगळं सरकारचं, आणि उडायलाही सरकारच शिकवणार. १९५४ पासून खडकवासल्यात असलेली ही संस्था मुलींना बंद होती. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये हुकूम दिला तेव्हा उघडली. त्या वर्षीच्या परीक्षेला पावणेदोन लाखांहून जास्त मुलींनी अर्ज केले. जागा किती? एकोणीस. त्यांतल्या हवाई दलासाठी सहा. आणि प्रत्यक्ष विमान उडवण्याच्या शाखेत ब्याण्णव जागा, त्यांतल्या मुलींना दोन. एकोणीसच का, असं न्यायालयानंही सरकारला विचारलं. २०२२ साली दाखल झालेली ती पहिली तुकडी ३० मे २०२५ ला बाहेर पडली, सतरा मुली.

म्हणजे बघा, श्रीमंताच्या मुलीला आकाश विकत मिळतं आणि ती प्रवासी विमान चालवायचं की आणखी काही, हे ठरवू शकते. गरिबाच्या मुलीला आकाश फुकट मिळतं ते फक्त गणवेशात. युद्ध नको म्हणायचं स्वातंत्र्य पहिलीला आहे, दुसरीला ते परवडत नाही. माझ्या मैत्रिणीचा संताप मला समजतो, पण तो तिनं कठड्याला धरून ओरडणाऱ्या पोरीवर काढू नये. तो या फीवर काढावा. सरकार एका मुलीला लढाऊ विमान शिकवायला कोट्यवधी रुपये घालतं. रुग्ण नेणारं विमान, पिकांवर, आगीवर, पुरावर जाणारं विमान, साधं प्रवासी विमान शिकवायला दर जिल्ह्यातून दोन मुलींचा खर्च का करत नाही? नागपूरला राज्य सरकारचा स्वतःचा फ्लाइंग क्लब आहे. तिथं गरिबांच्या मुलींसाठी बिनफीच्या जागा ठेवा, ही मागणी आपण एकदा तरी केली आहे का? बायकांसाठी एक गाडी सोडली तर काय होतं ते आपण विरारपर्यंत पाहिलेलं आहे.

फी ही सगळ्यांत उंच भिंत. तिच्या अलीकडे आणखी दोन आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपल्या गटांत कमी बोललं जातं.

एक उंचीची. हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी कमीत कमी १६२.५ सेंटिमीटर उंची लागते. बाई असो की पुरुष, रेघ एकच. वरवर समानता. पण आपल्या देशातल्या बायकांची सरासरी उंची १५२ च्या आसपास आहे. अभ्यासवर्गाच्या खोलीत आम्ही भिंतीवर शिंप्याची टेप चिकटवून मुलींना उभं केलं. त्या नऊ जणींत दोघी रेघेच्या वर गेल्या, बाकीच्या टाचा उचलून बघत राहिल्या. अजून वाढतील काही. पण कॉकपिट पुरुषाच्या मापानं शिवलेलं असतं आणि मग बाई त्यात बसत नाही असं म्हणतात, हे त्यांना त्या दिवशी भिंतीवर दिसलं. अमेरिकेच्या हवाई दलात हीच, पाच फूट चार इंचांची अट होती. तिच्यामुळे विशीतल्या जवळजवळ निम्म्या बायका दारातच अडतात हे लक्षात आल्यावर २०२० च्या मे महिन्यात त्यांनी ती सरसकट अट काढली. आता तिथं बाईचं माप घेऊन बघतात, कुठल्या विमानात ती नीट बसेल. आपल्याकडे यासाठी अजून कुणी अर्जसुद्धा केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आणि मुलींची उंची खुंटते ती का, ताटात शेवटी बसल्यानं, हे तर आपण चाळीस वर्षं शिबिरांत सांगत आलो आहोत.

दुसरी भिंत अकरावीची. उड्डाण शाखेला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, व्यावसायिक परवान्यालाही वर्षानुवर्षं हीच अट राहिली आहे. दहावीचा निकाल लागला की घरात काय होतं? 'सायन्सला क्लास लावावा लागतो, प्रॅक्टिकलला उशीर होतो, कॉमर्स घे, लवकर घरी येशील.' मुलीच्या मनातलं विमान त्या जून महिन्यात, प्रवेशाच्या फॉर्मवर, एका खुणेनं उतरवलं जातं. कुणी रडत नाही, भांडण होत नाही. एकदा कॉमर्स घेतलं की पुढं कितीही सिनेमे पाहा, कितीही सहली काढा. आमच्या नऊ जणींतल्या चौघींचं असंच झालं. तिघींनी सायन्स घेतलं. एकीसाठी आम्ही तीन वेळा घरी जाऊन बसलो, चौथ्या वेळी तिची आजी म्हणाली, "घेऊ दे तिला गणित, माझं दुसरीत सुटलं ते सुटलंच." उरलेल्या दोघी दहावीला आहेत.

मुलींसाठी सैन्यदलाची पूर्वतयारी करून घेणारी सरकारी संस्था २०२३ पासून नाशिकला सुरू झाली आहे. मुलांची अशी संस्था संभाजीनगरला १९७७ पासून होती. माहिती सांगितली पाहिजे म्हणून सांगते. ज्या मुलीला जायचं असेल तिला तिथला फॉर्म आणून द्यायचा, आणि त्याच दिवशी तिच्याशी बॉम्बबद्दलही बोलायचं, असं आमच्या गटानं ठरवलं आहे. माझ्या मैत्रिणीनं यातलं दुसरं काम स्वतःकडे घेतलं आहे. ती ते माझ्यापेक्षा चांगलं करेल.

नागपूरच्या जागांच्या मागणीचा मसुदा आम्ही पालघर जिल्ह्यातल्या गटांना पाठवतो आहोत. उंचीच्या अटीचा वेगळा. तुमच्या भागात दहावीनंतर किती मुलींचं गणित सुटलं, कुणाच्या सांगण्यावरून सुटलं, हे एका पानावर लिहून प्रवेश सुरू व्हायच्या आधी आमच्याकडे पोचतं करा. आकडा दोनाचा असला तरी चालेल.